शॉकमधला पहिला संशयित

२०१३ च्या श्रावणातली गोष्ट. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, सकाळी एकाएकी हुडहुडी भरली. प्रोस्टेटचा त्रास जुना होता आणि दोन दिवसांपासून लघवीला जळजळ होत होती. गावातल्या दवाखान्यात सलाइन लावले. अर्धी बाटली जाते न जाते तोच दात वाजायला लागले, तेव्हा ‘सलाइनची रिअ‍ॅक्शन’ म्हणून एव्हिल आणि स्टेरॉइड अशी दोन इंजेक्शने दिली गेली. थंडी थांबली. दादाला झोप लागली आणि आमचाही जीव भांड्यात पडला. संध्याकाळी तो हाक मारून उठेना. जिल्ह्याच्या ठिकाणी नेला तेव्हा वरचा रक्तदाब सत्तरवर आला होता. तिथल्या तरुण डॉक्टरांच्या तोंडून ‘सेप्टिक शॉक’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मी विचारले, “डॉक्टर, रिअ‍ॅक्शनचाही शॉकच असतो ना? त्याला एव्हिल चालतं, मग याला का नाही?” “काका, ते वेगळं असतं,” एवढे बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले. चौथ्या दिवशी दादा गेला.

मी डॉक्टर नाही. माझी नोकरी हिशेब तपासण्याची. पण ‘वेगळं’ म्हणजे काय, हे त्या दिवसापासून डोक्यातून गेले नाही. शब्दकोश जवळ ठेवून आधी शरीरक्रियाशास्त्राची पाठ्यपुस्तके वाचली आणि मग जुने शोधनिबंध. वाचता वाचता लक्षात आले की माझा प्रश्न अगदीच अडाणीपणाचा नव्हता. शास्त्रज्ञांनी तो शंभर वर्षांपूर्वीच विचारला होता आणि बराच काळ त्यांचे उत्तर माझ्या अंदाजासारखेच होते.

सुरुवात एका बुरशीपासून होते. आपल्याकडे बाजरीच्या कणसावर अरगट पडतो, तो शेतकऱ्यांना माहीत आहे. त्याच कुळातली बुरशी युरोपात राय नावाच्या धान्यावर येते. तिच्यातल्या औषधी द्रव्यांचा शोध घेताना लंडनमधल्या वेलकम प्रयोगशाळेत हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांच्या हाती एक साधा रेणू लागला. १९०७ मध्ये जर्मनीत विंडाउस आणि फोग्ट यांनी तो कृत्रिमरीत्या बनवला होता, पण तो शरीरात काय करतो हे कुणाला ठाऊक नव्हते. १९१० मध्ये डेल आणि लेडलॉ यांनी ते दाखवले. बेशुद्ध केलेल्या मांजराला तो टोचला की रक्तदाब कोसळे. गिनीपिगच्या श्वासनलिका आवळून त्याचा जीव जाई. सशाच्या फुप्फुसातल्या धमन्याच आवळत. या रेणूचे नाव पुढे हिस्टामिन पडले. एकच पदार्थ एका प्राण्यात रक्तवाहिन्या सैल करतो, दुसऱ्यात श्वास कोंडतो आणि तिसऱ्यात फुप्फुसाचा रक्तमार्ग अडवतो, हे तेव्हाच दिसले होते. या लेखातला निम्मा गुंता याच निरीक्षणात आहे.

पहिल्या महायुद्धात जखमी सैनिक खंदकातून आणल्यावर काही तासांनी पांढरेफटक पडत, त्यांची नाडी धाग्यासारखी बारीक होई आणि ते मरत. कधी कधी बाहेर सांडलेले रक्त मृत्यूला पुरेसे वाटत नसे. मग उरलेले रक्त गेले कुठे? १९१९ मध्ये डेल आणि लेडलॉ यांनी ‘हिस्टामिन शॉक’ या नावाने उत्तर सुचवले. मोठी मात्रा दिलेल्या मांजरांत केशवाहिन्या फुगत, त्यांच्या भिंती गळक्या होत, रक्तातले पाणी आणि प्रथिने आजूबाजूच्या ऊतींत झिरपत आणि वाहिन्यांत उरलेले रक्त दाट होई. रक्त शरीरातच होते, पण हृदयाकडे परतत नव्हते. चिरडलेल्या स्नायूंतून असेच एखादे विष सुटत असावे, हा तर्क कित्येकांना पटला. १९२७ मध्ये डेल आणि सहकाऱ्यांनी ताज्या यकृतातून आणि फुप्फुसातून हिस्टामिन वेगळे काढले. म्हणजे ते मुळातच शरीराच्या घरातले होते. संशयिताचा पत्ताच सापडला म्हणायचा!

युद्धातल्या जखमांपुरता हा खटला मात्र टिकला नाही. १९३० मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिल इथे आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी जखमी भागात साठलेले रक्त आणि पाणी मोजले. रक्तदाब कोसळायला तेवढी तूट पुरेशी होती, वेगळे विष मानण्याची गरज नव्हती. हिशेब तपासणाऱ्या माणसाला हा प्रयोग फार आवडतो.

तोवर हिस्टामिनला अडवणाऱ्या औषधांचा शोध मात्र सुरू झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनिएल बोव्हे आणि अ‍ॅन-मारी स्टाउब यांनी १९३७ मध्ये पहिली अँटिहिस्टामिन द्रव्ये दाखवली. ती माणसाला देण्याजोगी नव्हती, पण १९४० च्या दशकात वापरता येणारी औषधे आली. आपल्या घरात खोकल्याच्या बाटलीतून पोहोचलेले डायफेनहायड्रामिन त्याच काळातले. एव्हिलमधले फेनिरामिनही याच घराण्यातले. औषध हाती आल्यावर शॉकवर ते वापरून पाहणारे निघालेच. फ्रेंच नौदलाचे शल्यचिकित्सक आंरी लाबोरी यांनी ट्युनिशियातल्या बिझेर्त इथे शस्त्रक्रियेतला शॉक टाळण्यासाठी प्रोमेथाझिन हे अँटिहिस्टामिन दिले. त्यांच्या नजरेत भरले ते वेगळेच. रुग्ण विलक्षण शांत, निर्विकार होत. त्या शांतपणाचा माग काढत क्लोरप्रोमाझिन आले आणि १९५२ पासून त्याने मनोरुग्णालयांचा चेहरा बदलला. शॉकवर निघालेली वाट मानसोपचारात जाऊन पोहोचली, हा वैद्यकातला मला सर्वांत मजेशीर फाटा वाटतो.

आता सेप्टिक शॉककडे येऊ. जंतुसंसर्ग झाल्यावर शरीराचा प्रतिकारच ताळतंत्र सोडतो आणि स्वतःच्या अवयवांना इजा करू लागतो, त्याला सेप्सिस म्हणतात. त्यातही पुरेसे सलाइन देऊनही सरासरी रक्तदाब ६५ वर ठेवायला औषध लागत असेल आणि रक्तात लॅक्टेट २ मिलिमोलच्या वर असेल, तर तो सेप्टिक शॉक, अशी २०१६ ची व्याख्या आहे. या अवस्थेत रुग्णालयात आलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक दगावतात. २०१७ या एका वर्षात जगात सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रुग्ण आणि १ कोटी १० लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. रिअ‍ॅक्शनच्या, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिसच्या शॉकमध्ये आणि यात वरवर साम्य पुष्कळ: रक्तवाहिन्या सैलावतात, केशवाहिन्या गळतात, दाब पडतो. (तिथेही जीव वाचवते ते अ‍ॅड्रेनलिन, मांडीत टोचलेले. एव्हिल खाज आणि गांधी कमी करते. माझ्या प्रश्नाचा पहिला अर्धाच मुळात चुकला होता.)

सेप्सिसमध्ये हिस्टामिन सुटते का? सुटते. ते साठवणाऱ्या मास्ट पेशी त्वचेत, आतड्यात आणि फुप्फुसात भरपूर असतात, हे रायली आणि वेस्ट यांनी १९५० च्या दशकात दाखवले. कुत्र्याला जिवाणूंचे एंडोटॉक्सिन टोचले की काही मिनिटांत हिस्टामिन वाढते, यकृताच्या शिरा आवळतात, रक्त पोटात तुंबते आणि दाब धाडकन खाली येतो. दुसराही एक मार्ग आहे. एंडोटॉक्सिनमुळे ऊतींत हिस्टामिन तयार करणारे विकरच वाढते. हे हिस्टामिन कोठारातून एकदम सांडत नाही, ते जागच्या जागी बनत राहते आणि झिरपत राहते. एक महापूर, दुसरी गळती. पुरासाठी बांधलेला बंधारा गळतीला पुरेलच असे नाही.

खरी गंमत हृदयात आहे. हिस्टामिन पेशीवर काम करते ते रिसेप्टर नावाच्या जागांना चिकटून. १९६६ मध्ये अ‍ॅश आणि शिल्ड यांनी एव्हिलसारख्या औषधांनी अडणाऱ्या जागेला एच-१ म्हटले. १९७२ मध्ये जेम्स ब्लॅक यांनी एच-२ वेगळी दाखवली. त्यातूनच आम्लपित्तावरचे सिमेटिडिन आणि मग रॅनिटिडिन आले. पुढे एच-३ आणि एच-४ सापडल्या. रक्तवाहिन्यांत एच-१ आणि एच-२ दोन्ही आहेत आणि दोन्ही वाहिनी सैल करतात. एच-१ चा परिणाम झटकन येतो आणि लवकर ओसरतो, एच-२ चा सावकाश येतो आणि रेंगाळतो. म्हणून एकच अडवली तर दाब पूर्ण सावरत नाही. मग दोन्ही अडवाव्यात? तर हृदयात एच-२ नेमके उलट काम करते. ती ठोके वाढवते आणि आकुंचनाचा जोर वाढवते. म्हणजे ज्या हिस्टामिनने वाहिन्या सैल करून दाब पाडला, तेच हिस्टामिन दुसऱ्या हाताने हृदयाला ढकलत असते. एच-२ बंद केली तर वाहिनीतला शत्रू आणि हृदयातला मित्र दोघेही एकदम घराबाहेर. शिरेतून घाईने दिलेल्या रॅनिटिडिनने क्वचित ठोके मंदावतात आणि दाब उतरतो, हे डॉक्टरांच्या अनुभवातले आहे.

सेप्सिसमध्ये हृदयाची अवस्था काय होते, हे १९८४ मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या मार्गारेट पार्कर, जोसेफ पॅरिलो आणि सहकाऱ्यांनी २० रुग्णांत पाहिले. वाहिन्या सैल असल्याने हृदय मिनिटाला पुष्कळ रक्त फेकत होते. तरीही प्रत्येक ठोक्याला भरलेल्या रक्तातला बाहेर जाणारा वाटा बऱ्याच जणांत फार घटला होता आणि हृदयाचा डावा कप्पा फुगला होता. नवल म्हणजे हे बदल जगलेल्या रुग्णांत ठळक होते आणि सुमारे दहा दिवसांत हृदय पूर्ववत झाले. जे गेले, त्यांच्या हृदयाने असा आकार बदललाच नव्हता. हृदयाचा हा अशक्तपणा म्हणजे नुसता बिघाड, की भार सोसण्याची त्याची रीत? हे वाचले त्या रात्री मी दादाच्या टूडी-एकोचा कागद काढून बसलो होतो. त्यावर ‘नॉर्मल’ असे लिहिलेले आहे. तेव्हा तो शब्द वाचून आम्ही देवापुढे साखर ठेवली होती.

एच-३ ची गोष्ट आणखी निराळी. हृदयात येणाऱ्या सिंपथेटिक मज्जातंतूंच्या टोकांवर ती बसलेली असते आणि तिथून सुटणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिनला लगाम घालते. संकटात शरीर हृदयाला चाबूक मारू पाहते, तेव्हा हिस्टामिन एच-३ मधून तो हात धरून ठेवते. कॅनडातल्या विनिपेग इथल्या स्टीव्हन मिंक यांच्या गटाने १९९८ मध्ये ई. कोलाय जिवाणूंनी सेप्सिस झालेल्या कुत्र्यांत एच-३ अडवून पाहिली. हृदयाची मिनिटाची फेक, रक्तदाब आणि आकुंचनाचा जोर तिन्ही वाढले. म्हणजे हिस्टामिन अडवून शॉकमधले हृदय सुधारते, हा जुना तर्क एका अर्थी खरा ठरला. मात्र ती जागा एव्हिलची नव्हती आणि रॅनिटिडिनचीही नव्हती.

फुप्फुसाचे काय? तिथेही एच-१ आणि एच-२ एकमेकींच्या विरुद्ध. एच-१ श्वासनलिका आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या आवळते, एच-२ त्या वाहिन्या सैल करते. गळतीत मुख्य हात एच-१ चा. ती गळती मोजायची कशी, हा प्रश्न सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉर्मन स्टाउब यांनी मेंढीत सोडवला (पॅरिसच्या स्टाउब बाई वेगळ्या, आडनाव तेवढे एक). मेंढीच्या छातीत फुप्फुसांतून येणारी लसिका गोळा करणारी एक मोठी गाठ असते. तिच्यातून निघणाऱ्या वाहिनीत बारीक नळी बसवली की जाग्या, उभ्या मेंढीच्या फुप्फुसातून किती द्रव झिरपतो ते थेंबाथेंबाने मोजता येते. एंडोटॉक्सिन दिल्यावर दोन टप्पे दिसतात. पहिल्या तासाभरात फुप्फुसाच्या धमनीतला दाब चढतो. मग तो उतरतो, पण पुढचे काही तास प्रथिनांनी भरलेली लसिका वाहत राहते. भिंतीच गळक्या झाल्याची ही खूण. माणसात हाच द्रव वायुकोशांत उतरला की प्राणवायू रक्तापर्यंत पोहोचत नाही आणि व्हेंटिलेटर लावावा लागतो. १९८० मध्ये केनेथ ब्रिगहॅम यांनी मेंढ्यांना डायफेनहायड्रामिन देऊन पाहिले. गळती सौम्य झाली. ब्रिगहॅम हे नॅशव्हिलच्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठातले. ज्या संस्थेत ब्लेलॉकनी हिस्टामिनला निर्दोष सोडले, तिथेच पन्नास वर्षांनी फुप्फुसापुरते ते पुन्हा पिंजऱ्यात उभे राहिले.

मेंढीत फायदा, कुत्र्यात फायदा, मग माणसापर्यंत हे का आले नाही? याची कारणे माझ्या मते तीन-चार आहेत आणि सगळी सारख्या वजनाची नाहीत. सर्वांत जड कारण वेळेचे. प्रयोगशाळेत एंडोटॉक्सिन किती वाजता टोचायचे ते आपल्या हातात असते, म्हणून अशा बहुतेक प्रयोगांत अडवणारे औषध आधीच शिरेत असते. माणूस दवाखान्यात येतो तोवर हिस्टामिनचा पहिला लोंढा येऊन गेलेला असतो आणि त्याने जागे केलेल्या इतर कितीतरी द्रव्यांचा कारभार सुरू झालेला असतो. दुसरे कारण प्राण्यांचे. कुत्र्याच्या यकृताच्या शिरांसारखी हिस्टामिनला दचकणारी यंत्रणा माणसात नाही. शिवाय एका झटक्यात टोचलेले एंडोटॉक्सिन आणि लघवीच्या मार्गातून दोन दिवस हळूहळू रक्तात उतरणारे जिवाणू ही एकच गोष्ट नव्हे.

तिसरे कारण कळायला मला फार दिवस लागले. हिस्टामिन साठवणाऱ्या मास्ट पेशी स्वतः पहारेकरी आहेत. १९९६ मध्ये ‘नेचर’मध्ये दोन गटांचे काम एकाच वेळी आले: ज्या उंदरांत मास्ट पेशीच नाहीत, ते जिवाणूंच्या संसर्गाने इतरांपेक्षा जास्त मरतात. त्या पेशींतून सुटणारे टीएनएफ हे द्रव्य पांढऱ्या पेशींना वेळेवर बोलावते. उलट २०१६ मध्ये जपानच्या हात्तोरी यांच्या गटाला ज्यांना हिस्टामिन बनवताच येत नाही अशा उंदरांत सेप्सिसमुळे होणारी अवयवांची इजा कमी आढळली. दोन्ही निष्कर्ष एकदम खरे असू शकतात. पहारेकरी हवा, पण त्याच्या हातातली प्रत्येक काठी नको.

जर्मनीतल्या मारबुर्गचे विल्फ्रिड लोरेन्झ आणि एडमुंड नॉयगेबाउअर यांनी १९८० च्या दशकात सेप्टिक शॉकमधल्या हिस्टामिनवरचे सगळे प्रयोग एकत्र मांडून तपासले. एखाद्या द्रव्याला दोषी ठरवायच्या त्यांच्या कसोट्यांना कॉख आणि डेल यांची नावे आहेत. आजारात ते द्रव्य वाढले पाहिजे, बाहेरून दिल्यावर तसाच आजार झाला पाहिजे, अडवल्यावर आजार हटला पाहिजे. हिस्टामिन पहिल्या दोन कसोट्यांवर बऱ्यापैकी उतरते. तिसरीवर अडते, कारण सेप्टिक शॉकमध्ये त्याला एकट्याला हटवून माणूस वाचल्याचे सिद्ध झालेले नाही. त्यात त्याची एकट्याचीच नाचक्की झाली असे नाही. एंडोटॉक्सिनविरुद्धची, टीएनएफविरुद्धची औषधे माणसांवरच्या चाचण्यांत एकेक करून गळाली. झिग्रिस नावाचे महागडे औषध २००१ मध्ये मान्यता मिळून २०११ मध्ये बाजारातून परत गेले.

आज जगभर मानल्या जाणाऱ्या सूचना साध्या आहेत. शॉक ओळखल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक, पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिलिलिटर सलाइन, मग नॉरअ‍ॅड्रेनलिन, आणि संसर्गाचे मूळ (अडलेली लघवी, पू, कुजलेला भाग) मोकळे करणे. अँटिहिस्टामिन त्या यादीत नाही. एव्हिलसोबत टोचल्या जाणाऱ्या जोडीदाराला, स्टेरॉइडला, मात्र तिथे जागा मिळाली आहे. नॉरअ‍ॅड्रेनलिनची गरज टिकूनच राहिली तर दिवसाला २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन सुचवले जाते. एच-२ अडवणारी औषधे अतिदक्षता विभागात रोज दिली जातात, पण ती जठरातून रक्त जाऊ नये म्हणून. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पंचवीस हजारांहून अधिक रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत ती औषधे आणि पॅन्टोप्राझोलच्या जातीची औषधे यांची तुलना झाली. मृत्यूचे प्रमाण १७.५ आणि १८.३ टक्के आले. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. रुग्ण सगळ्या प्रकारचे होते, सेप्सिसचेच नव्हते, हे इथे विसरू नये.

आता पुन्हा त्या सकाळच्या इंजेक्शनकडे. एव्हिलने दादा गेला, असे मी म्हणत नाही. तशी नोंद कुठल्याही कागदावर नाही आणि हिशेबात नसलेली रक्कम धरायची मला सवय नाही. पण ते औषध काय काय करते, ते आता मला ठाऊक आहे. ते गुंगी आणते. सेप्सिसची शंका घेण्यासाठी रुग्णाच्या खाटेशी पाहायच्या तीन खुणा सांगतात: श्वास मिनिटाला २२ किंवा अधिक, वरचा रक्तदाब १०० किंवा कमी, आणि बदललेली शुद्ध. त्यातली तिसरी खूण गुंगीत झाकली जाते, कारण ‘इंजेक्शनची झोप आहे’ असे सगळेच म्हणतात. आम्हीही म्हणालो. शिवाय या औषधांचा अ‍ॅट्रोपिनसारखा एक गुण आहे. तोंड कोरडे पडते, नाडी वाढते आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडू शकते. जंतू ज्या वाटेने शिरले, तीच वाट तुंबू शकते. दुपारी दादाला लघवी झाली का, हे आमच्यापैकी कुणी विचारलेसुद्धा नव्हते.

हुडहुडी मात्र हिस्टामिनची नव्हती. रक्तात जिवाणू उतरले की मेंदूतला तापमानाचा काटा वर सरकतो आणि तिथवर पोहोचायला स्नायू थरथरतात. थरथर सलाइन लावण्याआधीच, घरी, चुलीजवळ बसून सुरू झाली होती. केस पेपरवर ‘रिअ‍ॅक्शन’ असे लिहिलेले आहे आणि पुढे एव्हिलची वेळ आहे: सकाळी साडेनऊ. अँटिबायोटिकच्या पहिल्या मात्रेची वेळ दुसऱ्या रुग्णालयाच्या कागदावर सापडते: संध्याकाळी पावणेसात.